सरांच्या वहीतल्या लीलाबाई

अन्याय झाला तो लीलाबाईंवर. गेल्या विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, आमच्या भागातल्या एका शाळेच्या खोलीत. चार घरची सुट्टी घेऊन, भाचीच्या लग्नातली जांभळी साडी नेसून लीलाबाई तिथे गेल्या, आणि टेबलामागच्या माणसाने यादीवर दोनदा बोट फिरवून सांगितलं, "बाई, तुमचं नाव नाही." असं होणार हे अख्ख्या नागपुरात एकाच माणसाला कित्येक महिने आधीपासून ठाऊक होतं, आणि तो माणूस रोज दुपारी लीलाबाईंच्याच हातच्या पोळ्या खात होता. ते म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे सर. त्यांच्याइतका प्रामाणिक आणि त्यांच्याइतका कुचकामी माणूस मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही.

सर राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. लोक मत का देतात, का देत नाहीत, आणि निवडून आलेला माणूस नेमकं कोणाचं ऐकतो, एवढ्या तीन प्रश्नांवर त्यांनी आयुष्य काढलं, आणि निवृत्तीनंतर त्यावरच पुस्तक लिहायला घेतलं. लाल कापडी बांधणीच्या वह्या, दोऱ्याने गळ्यात अडकवलेली पेन्सिल, आणि समोरच्याच्या तोंडाआधी त्याच्या डाव्या हाताचं बोट बघायची खोड. निवडणुकीनंतरच्या लग्नात नवरदेवाला आहेर देतानाही त्यांनी आधी शाई पाहिली. साधं उत्तर त्यांच्याकडून मिळायचं नाही. भाजी कशी झाली म्हणून विचारलं, तर "फारच चांगली, चांगली, बरी, वाईट, फारच वाईट, यांपैकी तुम्हाला काय वाटतं?" असा उलटा सवाल. सीताबर्डीत एकदा त्यांनी ऑटोवाल्याला थांबवलं आणि विचारलं, "आपल्या आमदाराबद्दल आपण कितपत समाधानी आहात?" तो म्हणाला, "काका, बैठना है तो बैठो, नहीं तो साइड में होके समाधानी रहो." सरांनी हेसुद्धा टिपून घेतलं. कोणत्या रकान्यात, देव जाणे.

मी पत्रकं लिहिते. चौकात उभी राहून वाटते, लोकांशी भांडते, पोलीस हटवतील तेव्हा हटते. एक पत्रक मोठ्या हौसेने सरांना दिलं. संध्याकाळी परत आलं. ‘जनता संतापली आहे’ याखाली पेन्सिलीची रेघ आणि समासात प्रश्न: ‘कोणती जनता? कोणी विचारले?’ ‘सर्वत्र असंतोष’ याच्यापुढे: ‘किती ठिकाणी?’ माझा संताप त्या क्षणी निश्चितपणे एका ठिकाणी होता.

पण माणूस खोटा नव्हता, हीच तर अडचण. एकदा त्यांनी गटाराचं झाकण फुटल्याची तक्रार शब्द न शब्द तीच ठेवून दोन पत्त्यांवरून पाठवली, एक आमच्या कॉलनीतून, एक मागच्या नाल्याकाठच्या वस्तीतून. तिसऱ्या दिवशी कॉलनीत दोन माणसं आणि एक साहेब हजर. आमचं झाकण तर धडधाकट होतं. त्यांनी तेच काढून नवीन बसवलं, फोटो काढला आणि गेले. वस्तीतलं झाकण खरंच फुटलेलं होतं, ते आजही फुटलेलंच आहे. मी म्हटलं, "सर, चला, हेच घेऊन मोर्चा काढू!" सर म्हणाले, "मोर्चा काढला तर ते झाकण बसवतील." मी म्हटलं, "मग बरंच की!" तर म्हणतात, "मापणाऱ्याने तागडीला हात लावू नये."

ह्या तागडीने माझं डोकं उठवलं होतं. तर मतदानाच्या दिवशी लीलाबाई साडी न बदलता थेट आमच्याकडे कामावर आल्या. "चार घरची सुट्टी वाया गेली वं पोरी. पारशिवनीहून लगन होऊन आली तवापासून इथंच हावो मी. मंग नाव काहून नाही?" एवढं बोलून त्या सरांकडे पोळ्या करायला वर गेल्या. त्यांच्या मागोमाग मीही गेले. पत्रकाचा मथळा माझ्या डोक्यात तयार होता, फक्त तपशील हवा होता.

सरांनी शांतपणे वही उघडली. "हो, त्यांचं नाव नव्हतंच. गणपतीच्या आधीपासून नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नोंद होती."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर त्यांनी अर्ज भरला असता. नाव आलं असतं."

"मग?"

"मग माझी नोंद बिघडली असती."

मी जे ओरडले ते छापण्यासारखं नाही. सरांनी ऐकून घेतलं आणि वही माझ्याकडे फिरवली. यादी तपासायला घरोघर फिरणाऱ्या गुरुजींच्या मागोमाग सर त्या दिवशी स्वतः फिरले होते. अक्षर बारीक, सरळ: ‘सकाळी ११. खालचा मजला. दार उघडले व सर्व नावांची खात्री दिली: लीलाबाई. पावणेबारा. वस्ती. लीलाबाईंच्या दाराला कुलूप. दोन्हीकडचे शेजारी कामावर. शेरा: स्थलांतरित.’

खालचा मजला म्हणजे आमचं घर. लीलाबाईंनी आमच्या दारात उभं राहून आमची चारही नावं पक्की केली होती. माझा दादा कितीतरी वर्षं पुण्यात आहे. त्याच्याबद्दल त्यांनी ठासून सांगितलं म्हणे, "येते ना दिवाळीले, ठेवा नाव." म्हणून गेलेला दादा यादीत राहिला. आणि कुठेही न गेलेल्या लीलाबाई आमच्या घरी होत्या, म्हणून स्थलांतरित झाल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, तव्यावरची पोळी न सोडता, लीलाबाई बोलल्या. "जाऊ दे ना पोरी, कायले भांडून राहिली? सर, तुमच्या वहीत माह्यं नाव हाये ना? मंग झालं. कुठीतरी हाये."

त्या दिवशी सर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते लीलाबाईंबरोबर तहसील कचेरीत नाव नोंदणीच्या अर्जाच्या रांगेत उभे होते. अर्ज भरला की पत्त्याची खात्री करायला माणूस घरी येतो. कधी येतो? अकराला. आणि अकराला लीलाबाई आमच्याकडे असतात. मग सरांनी जे केलं ते एखाद्या राज्यशास्त्रज्ञाने आजवर केलं असेल असं मला वाटत नाही (किती जणांनी केलं नाही, ते विचारू नका). त्यांनी लीलाबाईंकडून किल्ली मागून घेतली आणि रोज दहा ते एक त्यांचं दार उघडं टाकून, उंबऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू लागले. इकडे लीलाबाई वर सरांच्या पोळ्या लाटत, तिकडे सर लीलाबाईंचं घर राखत. एका म्हातारीने विचारलं, "काहून बसले जी इथं?" आयुष्यभर पुस्तकी मराठी बोललेले सर म्हणाले, "गुरुजीची वाट पाहून राहिलो माय." सहाव्या दिवशी गुरुजी आले. सरांनी फोन केला, आणि लीलाबाई पिठाच्या हातांनी आमच्या जिन्यावरून अशा धावत सुटल्या की खाली उभ्या असलेल्या माझ्या आईच्या साडीवर पाच बोटं उमटली.

नाव आलं. महापालिकेच्या मतदानाला लीलाबाईंनी तीच जांभळी साडी नेसली आणि शाईचं बोट सर्वांत आधी वरच्या मजल्यावर नेऊन दाखवलं. सरांनी चष्मा पुसून ते बराच वेळ पाहिलं. वहीत मात्र काही लिहिलं नाही. त्या वस्तीच्या पानांवर आता आडवी रेघ आहे, आणि खाली तेच बारीक, सरळ अक्षर: ‘ही वस्ती अभ्यासातून वगळली. कारण: अभ्यासकाने हस्तक्षेप केला.’ पुस्तकाचं काय, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आता दुसऱ्या कोणी लिहावं. माझा हात लागला तागडीला." एवढ्या वर्षांत त्यांनी मला दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

कारण त्या गल्लीत अजून कुलपंच कुलपं आहेत. सर एक, त्यांचे गुडघे दुखरे, आणि एका माणसाला एकाच दारात बसता येतं. म्हणून हे पत्रक समजा आणि फाडू नका. तुमच्या घरी पोळ्या करायला, भांडी घासायला जी बाई येते, तिला उद्या सकाळी विचारा, "यादीत नाव आहे का?" नसेल, तर अर्ज भरायला तिच्याबरोबर जा. आणि खात्री करणारा माणूस येईपर्यंत अकराच्या सुमारास तिला तिच्या घरी राहू द्या. तेवढे दिवस पोळ्या तुम्ही लाटा.