कमरोद्दीनचे साठ मैल

आष्टीत त्या काळी मोटार एकच, काकासाहेबांची. काकासाहेब कापसाचे व्यापारी. हौस दांडगी, चौकशी कमी. हैदराबादेत कुणा फ्रेंच साहेबाची जुनी गाडी विकायला निघाली, ती त्यांनी रंग बघून घेतली. चालवायला ठेवला आमच्या शेजारचा कमरोद्दीन. उंचापुरा, मिशीला तेल लावणारा आणि अट्टल बढाईखोर. हे मी प्रेमानंच म्हणतोय. बढाईखोर माणसं मला आवडतात. शेजारी असली की करमणूक होते.

गाडीत वेग दाखवणारा काटा होता. परतूरच्या सरळ रस्त्यावर तो साठावर जायचा. आमच्याकडे रस्ते मैलांनी मोजायचे, तेव्हा साठ म्हणजे साठ मैलच, त्यात विचारायचं काय? कमरोद्दीनचे साठ मैल तालुकाभर गाजले. लग्नाघरी त्याला मानानं पहिल्या पंगतीला बसवू लागले.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. आष्टी ते परतूर रस्त्याकडेचे दगड मोजले तर बारा मैल, आणि गाडीतले आकडे दर खेपेला एकोणीस पुढं सरकत. काकासाहेबांनी एकदा विचारलंच. कमरोद्दीन जराही अडखळला नाही. "मालक, दगड सरळ मोजतेत. आपली गाडी खड्ड्यात उतरती, मंग वर चढती. ते बी धरती." काकासाहेबांना एकदम पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं.

या साठ मैलांचा जाच एकाच माणसाला होता, कमरोद्दीनच्या बायकोला. जुबेदाभाभीचा भाऊ भरधाव टांगा उलटून गेला होता. नवरा परतूरला निघाला की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. म्हणून त्यानं ठरवून दिलं होतं, परत येताना वेशीवर तीनदा भोंगा वाजवायचा. तो ऐकला की ती तवा चुलीवर ठेवी. कधी कधी दुपार टळून जाई. भाभी वाळत चालली होती, आणि हा बाबा साठ मैल, साठ मैल करत मिशीला पीळ देत होता. मला त्याचा संताप यायचा.

पुढं परतूरला बद्रीनाथ नावाचा नवा ड्रायव्हर सर्व्हिस मोटार घेऊन आला. एका सकाळी कमरोद्दीन सरळ रस्त्यावर साठानं चालला होता, तोच मागून भोंगा वाजला आणि बद्रीनाथची मोटार पुढं निघून गेली. आत माणसं खचाखच, टपावर कोंबड्यांची डाली. कमरोद्दीननं काट्याकडे पाहिलं. साठच.

परतूरच्या स्टेशनाबाहेर त्यानं बद्रीनाथला गाठलं. "कितीनं पळवत होतास रे?"

"चाळीसनं. अन् तुमी?"

"साठ!"

बद्रीनाथनं त्याच्या गाडीत डोकं घातलं आणि हसतच बाहेर काढलं. "कमरूभाई, ही फ्रान्सची गाडी. हे मैल न्हाईत, किलोमीटर हायेत. पुण्याला एका साहेबाची असलीच गाडी मी चालवत होतो. आठ किलोमीटर म्हंजी आपले पाच मैल. तुमच्या साठाचे झाले साडेसदतीस."

"अन् ते एकोणीस?"

"त्याचे बाराच की!"

कमरोद्दीनचा चेहरा पडला. तो बघून बद्रीनाथ हसायचा थांबला. "मी कुणाला बोलणार न्हाई. ड्रायव्हरनं ड्रायव्हरचं झाकायचं."

म्हणजे साठ मैल शाबूत होते. कमरोद्दीननं फक्त गप्प बसायचं होतं. जुबेदाभाभीला सांगणं म्हणजे भिंतीपलीकडे माझ्या बायकोला, साळूबाईला सांगणं, आणि साळूबाईला सांगणं म्हणजे अख्ख्या आष्टीला सांगणं. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

दुपारी वेशीवर भोंगा वाजला. तवा चढला. भाभीचे भाकरी थापणारे हात पाहत तो थोडा वेळ बसला. मग घरच्या दखनीत म्हणाला, "सुनो. अपनी गाडी साठ नै चलती. कभी नै चली. सैंतीस चलती."

"सैंतीस?" थापणं थांबलं.

"और आधा," कमरोद्दीन म्हणाला. तेवढं त्याच्यानं सोडवलं नाही.

भाभी पदरात तोंड घालून रडली. रडणं भिंतीपलीकडे ऐकू आलं, त्यामागचं कारणही आलं, आणि दिवेलागणीपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी पारावरून हाका सुरू, "काय कमरूभाई, आज सदतीस का?" काकासाहेब तर त्याच्याशी बोलेनात, परतूरच्या अडतीवर त्यांनीच सगळ्यांना साठ सांगितले होते. कमरोद्दीन मान खाली घालून गाडी पुसत राहायचा. मला वाईट वाटलं. शेजारची करमणूक गेली म्हणून नव्हे, खरंच वाटलं.

त्यानंतरच्या खेपेला त्यानं वेशीवर तीनदा भोंगा वाजवला. घराच्या धुराड्यातून धूर नव्हता. त्यानं गाडी दाराशी आणून बंद केली आणि धावतच आत गेला.

थोड्या वेळानं तो आमच्या दारात आला. ओठांवर बोट. "जेवून झोपलीय," तो कुजबुजला. "माझी भाकर झाकून ठेवलीय. निकाह झाल्यापासून तिला दिवसा झोपलेली बघितली न्हाई मी. जरा हात लाव."

"कशाला?"

"गाडीला. चालू केली तर आवाज होईल."

मग तालुक्यात गाजलेल्या त्या ड्रायव्हरनं आणि मी ती फ्रेंच मोटार भर उन्हात काकासाहेबांच्या दारापर्यंत ढकलत नेली. पारावरचे लोक हसत होते. मी मध्येच आत डोकावून पाहिलं. काटा शून्यावर होता, आणि कमरोद्दीन मला म्हणत होता, "हळू ढकल, हळू."