उंबऱ्यावरच्या उन्हाचा थेंब

शनिशिंगणापुरात घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. अशा गावात कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून चालतं होण्याचा पराक्रम माझ्या नावावर जमा आहे. आणि त्या कुलपाआड होती माझ्या मनकर्णा मावशीच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली.

बाहत्तरच्या दुष्काळात मावशीला काचबिंदू निघाला. डावा डोळा तोवर विझून गेला होता. "तो काही परत येणार नाही," नगरचे डॉक्टर म्हणाले, "उजवा राखायचा तर थेंब चुकवू नका. दिवसातून चार वेळा. थेंब घातला की जरा वेळ डोळे मिटून पडायचं."

चार वेळा म्हटल्यावर मी लगेच घड्याळ आणायला निघालो.

"घड्याळ बघाया आदी डोळे लागत्यात, मास्तर," मावशी म्हणाली. मी नगरच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे माझी अक्कल काढायची झाली की ती मला मास्तर म्हणते.

वेळा मग तिनंच बसवल्या. अंगण झाडून झालं की पहिला थेंब. सकाळी चौकटीतून आत शिरलेलं ऊन मागं सरकत सरकत उंबऱ्यावर जाऊन टेकलं की दुसरा. शेळ्या परतल्या की तिसरा, आणि दिवा लावून हात जोडले की चौथा. ढगाळ दिवशी काय करायचं, ही चिंता त्या साली कुणालाच नव्हती.

मावशी देवाजवळ तेल आणि रुईच्या माळा विकायची. वाट्यांत तेल ओतून हात असा बसलेला, की थेंब बरोबर डोळ्यातच. खरी गंमत त्यानंतरची. जन्मात दिवसाउजेडी पाठ न टेकलेली ही बाई डॉक्टरांच्या हुकमानं घोंगडीवर पडायची, डोळे मिटायची आणि कुठंतरी निघून जायची.

"आता कुठं आहेस गं?" मी विचारायचो.

"पारनेरला. म्हायेरच्या मळ्यात मोट चाललीया. पाटाचं पानी लई गार हाय बघ." आणि खरोखरच ती पाय पोटाशी ओढून घ्यायची. बाहेर रान पांढरंफटक पडलेलं, विहिरीच्या तळाला भेगा. आणि आत मावशीचे पाय गारठलेले! गल्लीतली माणसंसुद्धा तेवढ्यापुरती हलक्या आवाजात बोलत. "हळू रं, काकू म्हायेरी गेलीया."

एकदा कोनाड्यातल्या त्या बाटलीला करडानं तोंड लावलं. मी नगरच्या बाजारातून पत्र्याची पेटी आणली, कुलपासकट. सकाळचा थेंब झाल्यावर बाटली पेटीत ठेवली, शहरी हातानं खट्कन कुलूप दाबलं आणि निघालो. घोडेगावच्या एसटी थांब्यावर चहासाठी सुटे पैसे शोधताना किल्ली हाताला लागली.

चहा टाकून मागं पळालो. वाटेत एक बैलगाडी मिळाली, पण त्या बैलांनीही बहुधा डोळे मिटलेले होते. मग उतरून चालू लागलो. रस्ता उन्हात पाण्यासारखा हलत होता. माझी सावली पायाशी गोळा होत चाललेली. ती आखडेल तसं मला तिकडे उंबऱ्याकडे सरकणारं ऊन दिसत होतं, आणि घोंगडीवर वाट बघणारा तो एकुलता एक डोळा.

पोचलो तर शेजारचा सहादेव पेटीवर दगड उगारून उभा, आणि मावशी कुलपावर तळहात ठेवून बसलेली.

"हात काढ काकू, डोळा जाईल!"

"शिंगनापुरात कुलूप फोडायचं न्हाई."

"मंग लावायचं असतंय व्हय?"

"लावनाऱ्याला कोन इचारतंय? फोडनाऱ्याचंच नाव हुतं गावात. दगड ठिव खाली. येईल त्यो. येंधळा हाय, पर येतो."

येंधळा आत शिरला. घाईघाईत किल्ली उलटीच खुपसू लागला, ती कुलपात जाईना. मावशीनं ती काढून घेतली, बोटानं चाचपून फिरवली आणि बाटली उघडून थेंब घातला. मग उंबऱ्याच्या दिशेनं हात लांबवला. ऊन उंबरा सोडून अंगणात उतरलं होतं.

"बोटभरच उशीर," ती म्हणाली. "डोळा काय एवढ्यानं रुसायचा न्हाई. ती पेटी मातर घिऊन जा."

ती आडवी झाली. सहादेव चवड्यांवर चालत बाहेर गेला. मी कुलूप पिशवीत टाकलं आणि घोंगडीच्या कडेला तिच्याशेजारी पडलो. चौकटीतून वारा आला. मावशीच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली, पाय पोटाशी आले. पोचली बहुतेक. आपणही जावं म्हणून मी डोळे मिटले. नुसता तांबूस अंधार.

"मावशी, मोट दिसायला लागली का? पाणी किती आहे गं? मला कसं काहीच दिसत नाही?"

मावशीनं डोळा उघडला नाही.

"तोंड बी मिट."