चेहरा दिसेपर्यंत
नागलीची भाकर करपली की मला पोशेरा गावच्या घरातला आमचा टीव्ही आठवतो. खुनाची मालिका लागली की शेजारची काकी चूल तशीच सोडून आमच्या दारात येई. तिचा मुलगा वीटभट्टीवर गेला होता, तो परतलाच नव्हता. मेलेल्याचा चेहरा दिसला की ती "आपला नाय" म्हणे आणि निघून जाई. खुनी कोण, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. एकदा मालिकेत जुनं प्रकरण पुन्हा उघडलं आणि विहिरीतून नुसती हाडं निघाली. काकी उंबऱ्यावरच बसली. "पोरी, ह्याचं तोंड कवा दाखवतील?" तिच्या घरातून करपल्याचा वास येत राहिला, खुनीसुद्धा सापडला, तरी ती उठेना. आजही पडद्यावर प्रेत दिसलं की मी आधी चेहरा शोधते आणि नकळत पुटपुटते, "आपला नाय."