विसाव्यात हलायचं नाही

कासिल्दा उस्कांगाच्या मिटलेल्या पंख्याचा फटका ज्याने बोटांवर खाल्ला नाही, तो आमच्या वेराक्रूस बंदराला येऊन गेला असं मी मानत नाही. त्याने समुद्र बघितला असेल, मासे खाल्ले असतील, घरी जाऊन चार लोकांना फोटो दाखवले असतील. पण धक्क्यासमोरच्या आमच्या 'ला बोया' नाचघरात तो आलेला नाही. आला असलाच तर कडेला बसून बिअर पिऊन गेला असेल.

फटक्याचं कारण नेहमी एकच. आमचा दान्सोन हा जोडीने नाचायचा नाच आहे, पण त्यात न नाचण्याचीही जागा आहे. सुरुवातीची धून फिरून आली की जोड्या थांबतात. दोघं शेजारी शेजारी उभे राहून वाजवणाऱ्यांकडे तोंड करतात, बायका पंख्याने वारा घेतात, पुरुष कपाळ पुसतात. पाय मात्र जागच्या जागी. हाच विसावा. धून संपली की पुन्हा नाच. राजधानीतून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना हे काही केल्या पटत नाही. सुट्टीचे पैसे मोजलेत, तर थांबायचं कशाला? ते विसाव्यातही कंबर हलवत राहतात, आणि मग कासिल्दाचा पंखा खाली येतो. माँतेर्रेचा एक सिमेंटवाला होता, त्याच्या मागे दोन अंगरक्षक उभे असायचे. त्यालाही बसला. "विसाव्यात हलायचं नाही, बाळा. आईने जेवताना उठायला शिकवलंय का तुला?" त्या अंगरक्षकांनी हसू दाबलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी 'ला बोया'च्या ताफ्यात ग्विरो वाजवतो. म्हणजे खाचा पाडलेला वाळका भोपळा आणि त्यावर घासायची काडी. बंदरात मला माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे भोपळ्याच म्हणतात. माझी जागा अगदी मागे, उंचावर, तिथून अख्खं नाचघर दिसतं. आणि भोपळ्याला फारसं डोकं लागत नसल्याने बघायला सवड भरपूर.

कासिल्दा 'ला वाका' वस्तीतली, लाकडी खोल्यांच्या चाळीत जन्मलेली. बाप गोदीत हमाल. त्याने तिला एकाच फरशीवर उभं करून नाच शिकवला. फरशीच्या बाहेर पाय पडला की पुन्हा पहिल्यापासून. पुढे तिने लग्न केलं तेही गोदीतल्याच माणसाशी. त्याला नाचाचं वावडं होतं, पण बायको नाचते याचा अभिमान फार. तो गेला. दिवसा ती 'ला बोया'चे टेबलक्लॉथ आणि आम्हा वाजवणाऱ्यांचे सदरे खळ घालून इस्त्री करायची. तिने इस्त्री केलेला सदरा घातला की माणसाला वाकून उभं राहायची सोयच उरत नाही. संध्याकाळी तीच बाई केस बांधून, टाचांचे बूट घालून मधोमध उभी राहायची, आणि पाहुणे तिला या घराची मालकीण समजायचे.

तिचा जोडीदार निकानोर लागुनेस. हा सकाळी टोपली घेऊन खेकड्याचं सारण भरलेले पापुद्र्याचे वोलोवान विकायचा. "वोलोवाऽऽन!" अशी त्याची आरोळी तीन गल्ल्या पलीकडे पोचायची. संध्याकाळी अंघोळ करून, पांढरे बूट घालून 'ला बोया'त. पंचवीसेक वर्षं दोघं एकत्र नाचली आणि इतक्या वर्षांत एकमेकांना 'तुम्ही'च म्हणाली. लोकांनी जे जोडायचं ते जोडून पाहिलं. कुणी फारच खोदून विचारलं तर कासिल्दा म्हणायची, "नवरा नशिबाने मिळतो, नाचाचा जोडीदार पुण्याईने. नवरा गेला तेव्हा मी रडले आणि पुन्हा उठले. हा गेला तर मी खाली बसेन."

दोन हजार नऊ सालचा एप्रिल संपता संपता तो डुकरांचा ताप आला. आधी राजधानीत, मग सगळीकडे. बार बंद, डिस्को बंद, चौकातला मारिंबाचा बाजा बंद. गालाला गाल लावून भेटायचं नाही, हात मिळवायचा नाही. लोक डुकराचं मांस खाईनात. डुकराला कोणी विचारत नव्हतं आणि आम्हालाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांमधून एकेक मजल्याचे दिवे विझत गेले. मी घरी बसून भोपळ्याला तेल लावत होतो. बायको म्हणाली, "आणखी चार दिवस बंद राहिलं तर तो मी शिजवते."

आणि निकानोरला ताप भरला. दिवसाढवळ्या रुग्णवाहिका त्याच्या चाळीत शिरली, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी त्याला उचलून नेलं, आणि सगळ्या चाळीने ते खिडकीच्या फटीतून पाहिलं. इस्पितळात त्याचे फार हाल झाले म्हणतात. पण गडी चिवट. वाचला, घरी आला, गाल आत गेलेले, सदरा अंगावर लोंबत असलेला. चार दिवस विश्रांती घेतली आणि टोपली घेऊन बाहेर पडला.

"वोलोवाऽऽन!" म्हटलं की धडाधड खिडक्या लागायच्या. समोरून येणारा रस्ता ओलांडायचा. कॅफेत शिरला तर शेजारच्या टेबलावरचे खुर्च्या मागे ओढायचे. माणूस वाचला याचा आनंद व्हायला हवा होता, तर आमच्या गावाने त्याला न मेल्याची शिक्षा दिली. मला अजून चीड येते, आणि यायलाच हवी.

कासिल्दाला हे कळल्यावर तिने आधी एक काम केलं. ती सरळ दवाखान्यात गेली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसली. मला सोबत नेलं होतं.

"मला एवढंच सांगा," कासिल्दा म्हणाली, "त्या माणसाचा हात हातात घेऊन मी नाचू शकते का? घरी माझं तान्हं नातवंड आहे, म्हणून नीट विचार करून सांगा."

डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या, पण हसल्या. कासिल्दाला सगळे मानाने दोन्या म्हणतात, तशा त्याही म्हणाल्या, "दोन्या कासिल्दा, त्यांचा ताप कधीच उतरलाय. आता त्यांच्याकडून तुम्हाला काही लागलंच तर खेकड्याचा वास लागेल."

तिथून उठून ती माल्पिकाकडे गेली. विल्फ्रिदो माल्पिका म्हणजे आमचा क्लॅरिनेटवाला, ताफ्याचा म्होरक्या आणि 'ला बोया'चा मालक, सगळं एकच. बंदी उठली होती. शनिवारी दार उघडायचं होतं, पुएब्लाहून पाहुण्यांची एक बसही येणार होती.

"निकानोरला म्हणावं थोडे दिवस घरी बस," माल्पिका म्हणाला. "पाहुण्यांना कळलं तर? 'ला बोया' आणि ताप ही दोन नावं एका वाक्यात नकोत मला."

"थोडे दिवस म्हणजे किती?"

"लोक विसरेपर्यंत."

"माएस्त्रो, या गावात लोक माझं खरं वय विसरत नाहीत, ते हे विसरणार?"

"तुमची अडचण व्हायला नको म्हणून मी शेजारच्या बोका देल रिओ गावचा उरिएल ठरवलाय. तरणाबांड आहे. नृत्यशाळेत शिकलेला."

"शाळेत शिकलाय?" कासिल्दा म्हणाली. "बरं. मग हजेरी घेते त्याची."

ती इतक्या सहज कबूल झाली याचं मला वाईट वाटलं. पण बाहेर पडल्यावर तिने उजवीकडे वळून थेट निकानोरची खोली गाठली.

तो टोपलीला फडकं बांधत बसला होता. कासिल्दा म्हणाली, "शनिवारी टोपली घेऊन 'ला बोया'च्या दारात या. आत यायला मालकाची परवानगी लागते. दारात उभं राहायला देवाचीही लागत नाही."

"नको, दोन्या."

"का?"

त्याने फडक्याची गाठ आवळली. "तो आवाज मला सहन होत नाही. खुर्च्या सरकण्याचा. आजारात मी घाबरलो नाही हो, खरंच. पण तो आवाज आला की वाटतं, तिथेच मेलो असतो तर बरं."

कासिल्दाचे डोळे भरले. पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हे. "शनिवारी," ती म्हणाली. "पांढरे बूट घालून."

घरी तिच्या मुलीशी, नोएमीशी, जोरदार भांडण झालं. चाळीच्या भिंती लाकडाच्या, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. नोएमी म्हणाली, "त्याचा हात धरलास तर घरी येऊ नकोस, आई. माझं बाळ सहा आठवड्यांचं आहे."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"डॉक्टरीणबाईंना बाळ आहे का?"

पोरीचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. भीतीलाही कधीकधी बाळ असतं.

शनिवारी कासिल्दा आली ती हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवी तिने माझ्या खुर्चीखाली सरकवली. वर सपाता आणि झोपायचा झगा दिसत होता, बाजूला दात घासायचा ब्रश. मी ती पायाने आणखी आत ढकलली.

नाचघर अर्धंमुर्धं भरलं होतं. पुएब्लाचे पाहुणे मास्क गळ्यात लोंबकळवून बसले होते, बाकी आपलेच लोक. दारात टोपली घेऊन निकानोर उभा होता आणि त्याच्याभोवती दोन-तीन टेबलं रिकामी पडली होती. त्याने पांढरे बूट घातले होते. माल्पिकाने त्याला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग रिवाजाप्रमाणे त्याने पहिला दान्सोन अर्पण केला. "हा दान्सोन अर्पण दोन्या कासिल्दा उस्कांगा यांना, आणि त्यांच्या सोबतच्या मित्रमंडळींना!" दरवेळी या वाक्यात निकानोरचं नाव असायचं. आज नव्हतं.

उरिएल वाईट नाचत नव्हता. पण विसावा आला आणि त्याची कंबर हललीच. कासिल्दाचा पंखा वर गेला. मला वाटलं, आता बसणार. पण तिने पंखा उघडला, एकदा वारा घेतला आणि चालायला लागली.

विसाव्यात! कासिल्दा उस्कांगा विसाव्यात चालत होती!

ताफ्यातल्या एकाचा सूर घसरला. बायकांचे पंखे हवेत थांबले. सगळ्यांना वाटलं, बाई चुकली. वय झालं, बाई चुकली. ती मात्र दाराकडे चालत होती, सावकाश, टाचा वाजवत. आणि तेव्हा माझ्या भोपळ्यात प्रकाश पडला. विसाव्यात हलायचं नाही. कोणीच हलायचं नाही. तिने आयुष्यभर पंखे मारून मारून हे या गावाच्या हाडात भिनवलं होतं, आणि आज त्याच नियमाने तिने अख्ख्या गावाचे पाय बांधून ठेवले होते. निकानोरपासून मागे सरायचं असेल त्याला आता विसावा मोडावा लागणार होता, आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती.

पण धून लहान आणि नाचघर लांब. ती निम्म्यावर पोचली तोवर धून संपत आली, माल्पिकाने पुढचं उचलायला क्लॅरिनेट वर केलं. मी भोपळ्यावर मागचाच ठेका घासायला लागलो, जमेल तेवढ्या जोरात. तिंबाल ढोल वाजवणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, दारात कोण आहे ते पाहिलं, आणि काठ्या माझ्या मागे आणल्या. मग ट्रंपेट आलं. भोपळेवाल्याने ताफा वळवलाय असं जगात कधी झालं नसेल. माल्पिकाला झक मारत धून पुन्हा पहिल्यापासून धरावी लागली.

कासिल्दा दारात पोचली. तिने निकानोरच्या हातातली टोपली काढून जवळच्या टेबलावर ठेवली, एक वोलोवान उचलून सगळ्यांसमोर चावून खाल्ला, बोटं पुसली आणि त्याचा हात हातात घेतला. आमच्यात बाई कधी पुरुषाला नाचायला बोलावत नाही. तो नियमही गेला.

मग ती लोकांकडे वळली. "हा माणूस तापाला हरवून आलाय," ती म्हणाली. आवाज चढवायची गरजच नव्हती. "तुम्ही खिडक्या लावल्यात. आता हला बघू कोण हलतं!"

कोणी हललं नाही. उरिएलची कंबरसुद्धा नाही.

धून संपली, नाच सुरू झाला, तरी बाकीच्या जोड्या तशाच उभ्या. विसावा संपल्याचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. मधोमध ती दोघंच नाचत होती, एका फरशीच्या बाहेर न जाता. निकानोरचा सदरा ढगळ झाला होता आणि शेवटच्या जलद भागात त्याला धाप लागली. तिने पावलं बारीक केली, ती कोणाला कळू न देता. त्या रात्री ती आमच्या घरी माझ्या बायकोशेजारी झोपली आणि दोघीही घोरल्या. पुढच्या आठवड्यात नोएमी स्वतः येऊन ती पिशवी घेऊन गेली.

पण ते नंतर. दान्सोन संपला तेव्हा टाळ्या नव्हत्या, काही नव्हतं. माल्पिका ध्वनिक्षेपकापाशी गेला. पुढचा दान्सोन कोणाला अर्पण करायचा ते ठरवायला त्याने घसा खाकरला, चष्मा पुसला.

"हा दान्सोन अर्पण... निकानोर लागुनेस यांना..."

"ऐकू नाही आलं, माएस्त्रो!" कासिल्दा ओरडली.

"निकानोर लागुनेस यांना!" माल्पिका गरजला. "आणि त्यांच्या सोबतच्या मित्रमंडळींना!"

आणि तेव्हा खुर्च्या सरकल्या. आधी एक, मग एकदम सगळ्या. निकानोरने मान खाली घातली, कासिल्दाचा हात घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले.

"उघडा डोळे," कासिल्दा म्हणाली. "नाचायला उठतायत."