अबूबकरचा वरचा सूर

दहिवलीच्या अबूबकर बँडवाल्याची एकच हौस राहिली होती. आपण बांधलेल्या सलामीला कुणीतरी ताठ उभं राहावं. पलटणीत त्याने सलाम्या ढिगाने वाजवल्या, पण त्या दुसऱ्यांच्या, आणि त्याही मागच्या रांगेतून. लढाई संपल्यावर गावी येऊन त्याने वरातीचा बँड काढला आणि स्वतःची सलामी बांधली. लिहिता येत नव्हतं म्हणून तोंडाने गाऊन गाऊन एकेकाकडून पाठ करून घेतली. आधी मोठे कर्णे घुमायचे, मग ढोल, आणि शेवटी अबूबकरचं कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी कर्णा, सगळ्यांच्या डोक्यावर चढायचं. तो वरचा सूर मात्र पन्नाशीच्या ओठांना आता दिवसातून एकदाच लागे.

अशात कर्जत स्टेशनावर जिल्ह्याचा बडा साहेब उतरणार म्हणून बँडला सांगावा आला. अबूबकरला आभाळ ठेंगणं झालं. बायको शरीफाने कोटाची पितळी बटणं चिंचेने घासून लखलखीत करून दिली.

गाडी आली. पहिल्या वर्गाचा डबा पार पुढे गेला आणि बँडसमोर उभा राहिला तिसऱ्या वर्गाचा. त्यातून उतरला नवशा ठाकर, रेल्वेच्या रुळांवर काम करणारा. कपाळाला मुंडावळ्या, काखेत बोचकं, मागे नवी नवरी पारू. बँडवाल्यांचा जन्म वरातीत गेलेला. मुंडावळ्या दिसल्या आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सलामीचे कर्णे घुमले.

अबूबकरने थांबा म्हणून हात वर केला.

"मधी तोडू नका, अबूभाई," ढोलवाला चांगो वाजवता वाजवताच म्हणाला. "नवऱ्याचं वाजवणं अर्धं सोडलं तर अपशकुन होतो. आमी नाय थांबायचो."

ते खरंच होतं. पण कर्णे वाजू देऊन आपला सूर तरी साहेबासाठी राखता आला असता. पलीकडे साहेबाची टोपी दिसूही लागली होती. अबूबकरने पुन्हा नवशाकडे पाहिलं. पोराने बोचकं खाली ठेवलं होतं आणि पाय जुळवून, छाती काढून तो ताठ उभा होता. त्याच्यासाठी आजवर कुणी शिट्टीसुद्धा वाजवली नसेल. अबूबकरने कॉर्नेट ओठांना लावलं. सूर चढला, लागला आणि टिकला. आनंदाने म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

साहेबाच्या वाट्याला मग वरातीतलं एक नेहमीचं गाणं आलं. गावच्या पुढाऱ्यांनी अबूबकरची चांगली हजेरी घेतली. ती त्याने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिली.

घरी शरीफाने विचारलं, "साहेब उभा राहिला काय?"

"तो उभाच होता. त्याला बसायला कुणी दिलं होतं?" बटणं सोडत अबूबकर म्हणाला. "पण नवरा उभा राहिला गं. बोचकं खाली ठेवून उभा राहिला."