दोन मास्टर देवीदास

मी एका जिवंत माणसाला पुस्तकात मारलं होतं.

तो माणूस आज सकाळी खरोखर गेला.

गायक मास्टर देवीदास. दिग्रसजवळच्या तांड्यावरचे देवीदास राठोड. माझे देवीदासभाऊ.

कापसाची ती वाईट वर्षं होती. मी यवतमाळच्या एका कॉलेजात लायब्ररियन. बाहेरगावचे पत्रकार यायचे आणि आमच्याकडे फक्त जीव दिलेल्या शेतकऱ्यांची माहिती मागायचे. मराठीचे आमचे सर एक दिवस वैतागले. म्हणाले, "या जिल्ह्यात लोक गातात, वाजवतात. त्यांचंही एक पुस्तक असू दे."

जिल्ह्यातल्या कलावंतांचा कोश करायचं ठरलं. कार्डं भरायचं काम माझं.

रेडिओच्या एका जुन्या चिठ्ठीवर होतं :
गायन – मास्टर देवीदास.
हार्मोनियम – मास्टर देवीदास.

मला वाटलं, स्वतःच पेटी वाजवत गाणारा एकच माणूस असेल. मग वणीहून कळलं की मास्टर देवीदास वारले. मी सगळं एकाच कार्डावर लिहिलं आणि नावापुढे 'कै.' लावलं.

कोश छापून शाळाशाळांत गेला.

महिनाभरात एक उंच, सावळे गृहस्थ लायब्ररीत आले. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. माझ्या टेबलावर कोश उघडून ठेवला आणि एका नोंदीवर बोट टेकवलं.

"मॅडम, तुमच्या बुकात मी मेलो हाये. मले कोणी सांगतलंच नाई."



ते ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

"शाळेत गाण्याले गेलतो, तं हेडमास्तर मले पाहून उठूनच उभे राह्यले. दोन मिनिटं शांतता पाळली म्हणे माह्यासाठी."

मला हसू येणार होतं, तेवढ्यात ते म्हणाले,

"माही पोरगी सुनीता पुसदले देली हाये. तिच्या पोराच्या शाळेत हे बुक आलं. एसटीत रडत रडत आली ते. मी अंगणात दाढी करून राह्यलो होतो. मले पाहून मटकन खालीच बसली."

मी माफी मागितली. शुद्धिपत्र काढते, असं सांगितलं.

"माह्यापुरतं नका काढू. त्या दुसऱ्या माणसाचंबी चुकलंच असन ना. त्याले तुमी गाणारा करून टाकलं."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं वणीला गेलो.

वणीचे मास्टर देवीदास म्हणजे देवीदास देशपांडे. नोकरी करून पेटी वाजवायचे. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. काकू थेट म्हणाल्या, "यांनी जन्मात कधी गाणं म्हटलं नाही. आरतीसुद्धा नाही. तुम्ही गायक काय म्हणून लिहिलंत?"

मी खाली मान घालून ऐकत होते. देवीदासभाऊ भिंतीवरच्या फोटोपुढे उभे होते. बराच वेळ.

"काकू, हे तं माह्या बाजूले बसले होते."

"कुठे?"

"नागपूरले, रेडिओवर. माह्याजोळ पेटी नव्हती, तं यायनं वाजवली. रेकॉर्डिंग झालं अन् मी बस पकडाले पळालो. नाव इचारायचं राहूनच गेलं."

त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढली. कोणीतरी रेडिओवरून भरून दिलेली, त्यांच्याकडची एकुलती एक. काकूंच्या टेपरेकॉर्डरवर आम्ही ती लावली.

आधी खरखर. मग पेटी.

भाऊंचा आवाज यायच्या आतच काकू म्हणाल्या, "हेच आहेत."



भजन संपलं. काकूंनी डोळे पुसले. "घरात रोज वाजवायचे, म्हणून कधी टेप करून ठेवलंच नाही हो. परत लावता का?"

तीन वेळा लावली.

कोशात एकाच नावाचे दोघं असले की नावापुढे आकडा घालतात. मी विचारलं, एक कोण, दोन कोण?

"त्यायले एक द्या," भाऊ म्हणाले.

काकू म्हणाल्या, "नाही नाही. ते कायम गाणाऱ्याच्या बाजूलाच बसले. एक तुम्ही."

"काकू, यायच्या पेटीनं सूर देल्ला, मंग म्या तोंड उघडलं. एक तेच."

तसंच छापलं.

मास्टर देवीदास (१) : हार्मोनियमवादक, वणी.
मास्टर देवीदास (२) : गायक, दिग्रस.

निघताना भाऊंनी पिशवी उचलली, कॅसेट उचलली नाही. मी खुणावलं. ते चपला घालत म्हणाले, "राहू द्या. माह्या घरी मी हावो ना गायले."

शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या आल्या तेव्हा त्यांनी एक गठ्ठा मागून घेतला. ज्या शाळेत गायला जायचे तिथे आधी कोश मागायचे, स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवायचे, मग गायला बसायचे. सगळ्यात आधी सुनीताच्या मुलाच्या शाळेत गेले.

नंतर यवतमाळला आले की लायब्ररीत चक्कर ठरलेली. मी रिटायर झाले तेव्हापासून घरी यायला लागले. चहा घ्यायचे. मी म्हटलं तर एखादं भजन म्हणायचे. कधीकधी लेंगी, तांड्यावरची होळीची गाणी. त्यातली बंजाऱ्यांची गोरबोली मला निम्मीच कळायची. मग ते थांबून अर्थ सांगायचे आणि पुन्हा पहिल्यापासून गायचे.

माझ्या चुकीनं मला हा माणूस दिला. त्यांनी ती चूक कधी बोलून दाखवली नाही.

आज सकाळी सुनीताचा फोन आला.

"मॅडम, बाबा गेले. झोपेतच."

मग तीच म्हणाली,

"तांड्यावर कोणी मेलं की बाबाच गायचे. आता लोक इचारून राह्यले, कोण गाईन? मी म्हटलं, मी गाईन. तुमी येता ना?"

दिग्रसच्या बसमध्ये बसून हे लिहिते आहे.

देवीदासभाऊ, येतेच आहे. आज सुनीता गाणार आहे.

तुम्हाला मनापासून निरोप.