डल्सीच्या बोटीचं बूच

वाळवंटातल्या नदीकाठी जन्म काढला की माणूस वाट पाहायला शिकतो. डल्सी नॉस्के सहा वर्षं पाण्याची वाट पाहत होती. कोरड्या पात्रात तिची 'रूबी' बोट ठोकळ्यांवर उभी होती आणि तिच्या सावलीत कांगारू लोळत होते. पाणी असलं की याच बोटीतून ती पाहुण्यांना तळ्यावरचे पेलिकन पक्षी दाखवी.

गावाच्या वेशीवर पाटी होती. बघण्यासारखं काय काय आहे ते तिच्यावर लिहिलेलं: लाल टेकड्या, पोपटांची राई आणि सगळ्यांत खाली, 'डल्सीची बोट'. यंदा पाटी नव्यानं रंगवायचं काम तिच्या धाकट्या दिराकडे, क्लेमकडे आलं.

"डल्सी, शेवटची ओळ गाळतोय बरं का," तो म्हणाला. "बोटीत बसून लोकांनी काय मुंग्या बघायच्या?"

"गाळून तर बघ! नदीच्या वरच्या अंगाला पाऊस झालाय. पाणी निघालंय."

"आणि रूबी तरंगली नाही तर?"

"तर खुशाल गाळ. मी एक शब्द बोलणार नाही."

"तू? मग तर ती बुडायलाच हवी!"

मंगळवारी पाणी आलं. इथला पूर धावत येत नाही, वाळू चाचपत, म्हातारीच्या चालीनं येतो. त्याच्या पुढं चालत त्याला गावात आणायची रीत आहे. सगळं गाव चहाचे पेले घेऊन निघालं, कुत्री भुंकत सुटली. डल्सी सर्वांत पुढं, चर्चला जायची ठेवणीतली टोपी घालून, अडुसष्टाव्या वर्षी गिरक्या घेत. "आणलंस रे देवा, आणलंस!"

ती टुणकन बोटीत चढली. फजिती जवळून बघायला क्लेमही चढला. फेसाळ पाणी ठोकळ्यांना भिडलं, वर चढलं, आणि बोटीच्या तळातून कारंजं उडालं.

"बूच!" डल्सी किंचाळली.

कोरड्या वर्षांत तळाचं बूच काढून ठेवतात, म्हणजे चुकार सरीचं पाणी साचून लाकूड कुजत नाही. हरवू नये म्हणून डल्सीनं ते चर्चच्या किल्लीला बांधलं होतं. चर्च उघडायचं काम तिचंच. आणि पहाटे प्रार्थना करून निघताना किल्ली दारालाच राहिली होती, मैलभर लांब.

"क्लेम, अंगठा घाल!"

"कशात?"

"भोकात, मेल्या!"

त्यानं घातला. रूबी कुरकुरली, डोलली आणि अलगद उचलली गेली. काठावर एकच आरडाओरडा झाला.

"डल्सी, अंगठा बधिर झाला गं!"

"गप बस. वर बघ."

आभाळातून पांढरे पेलिकन गोल गोल उतरत होते. शेकडो मैलांवरून त्यांना निरोप कोण देतं, कुणालाच ठाऊक नाही. डल्सीला ठाऊक आहे, पण ती सांगत नाही.

कुणीतरी किल्ली आणेपर्यंत तास गेला. क्लेमचा अंगठा बटाट्याएवढा सुजला. पाटीच्या वरच्या ओळी त्यानं आधीच रंगवल्या होत्या. शेवटची डाव्या हातानं रंगवावी लागली. अक्षरं अशी वेडीवाकडी की हसू फुटावं. ती सरळ करायला डल्सी आजही कुणाला ब्रशला हात लावू देत नाही.